पोलादी सांध्यातील बोल्ट आणि पीझो संवेदक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल, पवनचक्क्यांचे मनोरे, कारखान्यांच्या शेड आणि क्रेनचे गर्डर यांची देखभाल करणारे अभियंते, तसेच बोल्टचे सांधे ढिले होतात का हे पीझो संवेदकाने ओळखण्याच्या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण बहुतेकांची गल्लत तेथेच होते.

बोल्ट जागेवर दिसतो, नटही दिसतो. मग नजर ठेवायची ती नेमकी कशावर?

बोल्टच्या अंगात साठवलेल्या ताणावर. त्यालाच प्रीलोड म्हणतात. घर्षणाच्या पकडीवर चालणाऱ्या सांध्यात, म्हणजे आपण ज्यांना एचएसएफजी (हाय स्ट्रेंग्थ फ्रिक्शन ग्रिप) बोल्ट म्हणतो त्यांच्या सांध्यात, बोल्ट प्लेटा एकमेकींवर इतक्या जोराने दाबून धरतो की भार एका प्लेटमधून दुसरीत केवळ घर्षणाने जातो. ही दाबून धरण्याची शक्ती कमी झाली, तर बोल्ट भोकात तसाच उभा असूनही सांधा आपले काम सोडून देतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

आकडे पाहिले की हे प्रकरण किती नाजूक आहे ते कळते. ८.८ प्रतीच्या एम २४ बोल्टचे ताणक्षेत्र ३५३ चौरस मिमी असते. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकाप्रमाणे अंतिम ताकदीच्या ७० टक्के ताण धरला, तर प्रीलोड सुमारे १९८ किलोन्यूटन येतो, म्हणजे जवळजवळ २० टनांचा जोर. एवढ्या जोराने ६० मिमी पकड (म्हणजे मधल्या प्लेटांची एकूण जाडी) असलेला बोल्ट किती लांबतो, तर साधारण ०.१५ मिमी. वहीच्या दोन कागदांची जाडीही जवळपास एवढीच भरते. आता प्लेटांमधला रंगाचा थर, भोकाच्या कडेला राहिलेली धातूची बर किंवा वॉशरखालचा खडबडीतपणा दबून एकूण १५ मायक्रॉन जरी खाली बसला, तरी प्रीलोडचा दहावा हिस्सा गेला, आणि तोही नट एक अंशसुद्धा न फिरता. म्हणूनच नटावर रंगाची खूण करून ती जुळते का हे पाहणे उपयोगाचे असले, तरी पुरेसे नाही.

टॉर्क रेंचने नीट आवळले असेल, तर पुन्हा संवेदकाची गरज काय?

टॉर्क रेंच आपण नट फिरवायला किती जोर लावला ते सांगतो; बोल्ट किती ताणला गेला ते सांगत नाही. लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ ९० टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. आटे कोरडे आहेत, तेलकट आहेत की गंजलेले, यावर हे प्रमाण बदलते. त्यामुळे एकाच टॉर्कने आवळलेल्या बोल्टांच्या प्रीलोडमध्ये २५ ते ३० टक्क्यांचा फरक पडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

शिवाय आवळल्यानंतरचे आयुष्य वेगळेच असते. पृष्ठभाग दबून बसण्यामुळे होणारी घट बहुतांशी पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होते. त्यानंतर प्रश्न येतो कंपनांचा. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की बोल्टच्या अक्षाला आडव्या दिशेने प्लेटा पुढेमागे सरकू लागल्या की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. प्रीलोड कमी झाला की प्लेटा सरकतात आणि प्लेटा सरकल्या की प्रीलोड आणखी कमी होतो. या चक्राची सुरुवात वेळेवर कळावी, हाच संवेदक बसवण्याचा खरा हेतू आहे.

पीझोइलेक्ट्रिक संवेदक म्हणजे काय?

काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंवर विद्युतभार निर्माण होतो. झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये हा गुणधर्म शोधला. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणिताने सांगितले की उलटेही घडले पाहिजे, म्हणजे विद्युतदाब दिला की स्फटिकाने आकार बदलला पाहिजे, आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. आपल्या कामासाठी ही उलटसुलट चाल फार मोलाची आहे, कारण एकच पट्टी सांध्याला थरथरवतेही आणि त्याची थरथर ऐकतेही.

प्रत्यक्षात वापरली जाते ती पीझेडटी नावाची सिरॅमिक पट्टी, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटॅनेट. नखाएवढी, साधारण १० मिमी लांब, तेवढीच रुंद आणि ०.२ ते ०.३ मिमी जाड. दोन्ही बाजूंना चांदीचा पातळ थर असतो. ती काचेसारखी ठिसूळ असते. चिमट्याने कोपऱ्यात जोरात धरली तरी टवका उडतो.

मग ही पट्टी वॉशरखाली ठेवून बोल्टचा दाब सरळ मोजता येणार नाही का?

ही कल्पना प्रत्येकाला सुचते, आणि सुचावी अशीच आहे. पण पीझो पट्टीवर निर्माण झालेला विद्युतभार टिकत नाही, तो झिरपून जातो. वर सांगितलेल्या पट्टीची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, सुमारे ५ नॅनोफॅरड असते. तिला १० मेगाओहमचा साधा मल्टिमीटर जोडला, तर भार झिरपण्याचा कालांक, म्हणजे बराचसा भार निघून जायला लागणारा वेळ, येतो ०.०५ सेकंद. नट आवळताना काटा हलेल आणि पापणी लवेपर्यंत शून्यावर येईल. सहा महिन्यांनी त्या बोल्टात किती ताण उरला आहे, हे त्या पट्टीला अशा रीतीने कधीच सांगता येणार नाही. स्थिर ताण थेट मोजायचा असेल, तर स्ट्रेन गेज (ताणाबरोबर विद्युतरोध बदलणारी पट्टी) असलेला लोड सेल, म्हणजे भारमापक, वापरावा. पीझो पट्टी सांध्याला दर वेळी नव्याने प्रश्न विचारते आणि उत्तर बदलले का ते पाहते. ती ताण मोजत नाही, बदल ओळखते. हे एक वाक्य पक्के ध्यानात राहिले, तर पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

हा बदल ती ओळखते तरी कशी?

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत इम्पीडन्सची, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला पट्टी करते त्या विरोधाची, आहे. पट्टी सांध्याजवळ चिकटवून तिला एक व्होल्ट किंवा त्याहूनही कमी विद्युतदाब देतात आणि वारंवारिता पायरीपायरीने वाढवत नेतात, बहुधा ३० ते ४०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. पट्टी थरथरते, तिच्यासोबत आजूबाजूचे पोलाद थरथरते, आणि ज्या वारंवारितांना पोलाद जास्त साथ देते तेथे पट्टीच्या विद्युत आलेखावर शिखरे उमटतात. पट्टी आणि रचना यांचे हे एकत्रित गणित लियांग, सन आणि रॉजर्स यांनी १९९४ च्या सुमारास मांडले आणि त्यावर ही सगळी पद्धत उभी राहिली. आपल्याकडे आयआयटी दिल्लीचे सुरेश भल्ला यांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे.

घट्ट सांधा हा एका अखंड तुकड्यासारखा वागतो. तो ढिला होऊ लागला की ताठपणा कमी होतो आणि पृष्ठभागांच्या घासण्यात जास्त ऊर्जा मुरते. आलेखावर हे अगदी डोळ्यांनी दिसते : शिखरे डावीकडे, म्हणजे कमी वारंवारितेकडे, सरकतात, बुटकी होतात, पसरतात, आणि कधी पूर्वी नसलेले एखादे नवे शिखर डोके वर काढते. एम १६ च्या चार बोल्टांनी जोडलेल्या दोन प्लेटा टेबलावर ठेवून एकाच बोल्टचा नट पाव फेरा सोडला आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, की विद्यार्थ्यांना व्याख्यानाची गरज उरत नाही. ज्याला या विषयात उतरायचे आहे, त्याने पहिला प्रयोग हाच करावा.

वारंवारिता एवढी जास्त का, असेही विचारले जाते. लहरीची लांबी जितकी कमी, तितका बारीक बदल कळतो. शिवाय वाहतूक, वारा आणि यंत्रे यांची कंपने बहुतांशी खूप खालच्या वारंवारितांवर असतात, त्यामुळे ती आड येत नाहीत. याची किंमत अशी की पट्टीची नजर दूर पोचत नाही. साध्या, सलग धातूच्या पट्टीत ती दीड-दोन मीटरपर्यंत जाते, पण बोल्ट, गसेट प्लेटा (सांध्यातल्या जोडप्लेटा) आणि कडा यांनी भरलेल्या सांध्यात बरीच कमी.

सांध्यातून लहर आरपार पाठवून पाहण्याची पद्धत वेगळी आहे का?

होय. येथे एका प्लेटवरची पट्टी लहर सोडते आणि दुसऱ्या प्लेटवरची ती पकडते. कितीही घासून सपाट केलेला पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो आणि दोन प्लेटा खरोखर टेकतात त्या फक्त त्या उंचवट्यांच्या माथ्यांवर. दाब वाढला की टेकलेले क्षेत्र वाढते आणि पलीकडे जास्त ऊर्जा पोचते. दाब घटला की कमी पोचते.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र विक्रेते सांगत नाहीत, म्हणून ती येथे स्पष्ट लिहितो. बोल्ट पुरेसा आवळला गेला की टेकलेले क्षेत्र जवळजवळ भरून येते आणि पोचणारी ऊर्जा वाढायची थांबते. म्हणजे प्रीलोड १०० वरून ८० टक्क्यांवर आला तरी संकेतात फारसा फरक दिसत नाही; फरक दिसू लागतो तो सांधा बराच ढिला झाल्यावर. आपल्याला नेमकी सुरुवातच हवी असते, आणि तेथेच ही पद्धत बधिर असते.

त्यावर एक उपाय आहे. सांध्याला एकाच वेळी एक खालची आणि एक बरीच वरची अशा दोन वारंवारितांनी थरथरवायचे. घट्ट सांध्यात दोन्ही एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. ढिलावलेल्या पृष्ठभागांची मात्र खालच्या कंपनाबरोबर सूक्ष्म उघडझाप होते आणि वरच्या वारंवारितेच्या दोन्ही बाजूंना, त्यांच्या बेरजेवर आणि वजाबाकीवर, छोटी शिखरे उगवतात. ढिलेपणाची पहिली चाहूल याने लवकर लागते, पण उपकरणे आणि कौशल्य जास्त लागते.

बोल्टच्या डोक्यावर श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) प्रोब लावून लांबी मोजतात, ते काय?

ती तिसरी वाट, आणि प्रत्येक बोल्टचा ताण आकड्यात हवा असेल तर सर्वांत भरवशाची. पोलादात ही लहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जाते. १०० मिमी लांब बोल्टच्या टोकाला आपटून परत यायला तिला सुमारे ३४ मायक्रोसेकंद लागतात. बोल्ट ताणला की वाट लांबते आणि ताणामुळे लहरीचा वेगही घटतो. हा दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा मोठा असल्याने वेळेतला एकूण बदल नुसत्या लांबीवरून येईल त्याच्या साधारण तिप्पट असतो. बोल्टची टोके सपाट व समांतर हवीत, आणि आवळण्याआधीची नोंद हाताशी हवी.

पट्टी कोठे आणि कशी चिकटवावी?

बोल्टपासून थोड्या अंतरावर, प्लेटच्या उघड्या बाजूवर. घर्षणाच्या पृष्ठभागांमध्ये पट्टी, गोंद किंवा तार कधीही सरकवू नये. त्याने सांध्याची पकडच बिघडते.

जागेवरचा रंग काढून पॉलिशपेपरने उघडे पोलाद घासावे, ॲसिटोनने पुसावे आणि त्यानंतर बोट लावू नये. दोन भागांचे, घट्ट वाळणारे इपॉक्सी वापरावे आणि त्याचा थर जितका पातळ देता येईल तितका द्यावा, कारण जाड थर मऊ गादीसारखा वागतो आणि पट्टीची थरथर स्वतःच गिळतो. वर मेणकागद ठेवून हलके वजन द्यावे आणि पूर्ण २४ तास हात लावू नये. तारा जोडायची दोन्ही टोके वरच्या बाजूला घेतलेली पट्टी मिळाली, तर तीच घ्यावी. नाहीतर खालच्या टोकाची तार काढताना फार त्रास होतो. डाग देताना सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण जास्त तापलेली पट्टी आपला गुणधर्म गमावते.

शेवटी वरून पाणी न शिरणारे आवरण द्यावे. हे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे. आम्ही एका शेडमध्ये बसवलेल्या पट्ट्यांचे आलेख जुलैच्या मध्यावर एकामागून एक सरकू लागले, आणि आम्ही दोन दिवस पान्हा घेऊन बोल्ट तपासत होतो. बोल्ट सगळे घट्ट होते. ओल धरून मऊ पडला होता तो आमचाच गोंद.

तापमानाचा परिणाम किती होतो?

इतका, की तापमान न नोंदवता घेतलेली मोजणी टाकून द्यावी. तापमान वाढले की पोलादाचा ताठपणा किंचित घटतो, पट्टीची धारकता वाढते आणि शिखरे डावीकडे सरकतात, म्हणजे ढिल्या सांध्यात होते तसेच. श्राव्यातीत मोजणीतही लहरीचा वेग दर अंशाला सुमारे ०.०१ टक्क्याने घटतो. विदर्भातल्या उन्हात दुपारी तापलेल्या गर्डरचा आणि पहाटेच्या त्याच गर्डरचा आलेख शेजारी ठेवला, तर अननुभवी माणूस बोल्ट सुटला असेच म्हणेल.

फरक ओळखण्याची खूण अशी : तापमानाने सगळा आलेख जवळजवळ एकसाथ सरकतो, ढिलेपणाने काही शिखरे सरकतात, काही मोडतात. म्हणून नवा आलेख आडवा सरकवून जुन्याशी जास्तीत जास्त जुळवतात आणि मगच उरलेला फरक पाहतात. त्याहून साधी शिस्त म्हणजे मोजणी शक्यतो पहाटे, सूर्य चढण्याआधी करणे, आणि पट्टीजवळ तापमापक कायमचा लावणे.

संवेदकच बिघडला असेल, तर ते कसे ओळखावे?

याची सोय पट्टीतच आहे. तिची धारकता वेळोवेळी तपासावी. पोलादाला घट्ट चिकटलेल्या पट्टीची धारकता मोकळ्या पट्टीपेक्षा कमी असते. ती वाढलेली दिसली, तर गोंद सुटत आहे. घटली, तर पट्टीचा तुकडा गेला आहे. ही तपासणी आधी आणि सांध्याचा निष्कर्ष नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नये.

मूळ नोंद कधी घ्यावी? जुन्या सांध्याची नोंद नसेल तर?

बोल्ट शेवटचे आवळल्यावर लगेच एक आणि पृष्ठभाग बसल्यावर, काही दिवसांनी, दुसरी. त्यानंतर वेगवेगळ्या तापमानांना अनेक नोंदी घ्याव्यात, म्हणजे निरोगी सांध्याचे आलेख आपसात किती हलतात ते कळते. जुन्या सांध्यावर पट्टी बसवायची असेल, तर आधी सगळे बोल्ट मान्य पद्धतीने तपासून घ्यावेत. तसे न करता घेतलेली पहिली नोंद जर ढिल्या सांध्याची असेल, तर संवेदक त्या ढिलेपणालाच निरोगी समजून बसेल.

किती टक्के प्रीलोड गेला ते कळते का? आणि कोणता बोल्ट?

दोन आलेखांमधला फरक एका आकड्यात मांडतात : प्रत्येक वारंवारितेवरच्या फरकांचे वर्ग बेरजेत घेऊन त्यांना मूळ आलेखाच्या वर्गांच्या बेरजेने भागतात आणि वर्गमूळ काढतात. हा आकडा म्हणजे प्रीलोडचे टक्के नव्हेत. तो १२ आला म्हणून १२ टक्के ताण गेला, असे अहवालात लिहिलेले मी पाहिले आहे आणि ते चूक आहे. धोक्याची पातळी निरोगी नोंदींच्या विखुरण्यावरून, प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र ठरवावी.

बोल्टांच्या गटात पट्टीला जवळचा बोल्ट जास्त आणि लांबचा कमी जाणवतो. तीन-चार पट्ट्यांच्या आकड्यांची तुलना करून कोपरा ओळखता येतो, नेमका बोल्ट क्वचितच. प्रत्येक बोल्टवर स्वतंत्र नजर हवी असेल, तर धातूच्या दोन कड्यांमध्ये पट्टी बसवलेला वॉशर वापरतात.

कोणत्या सांध्यांना हे लावावे?

जेथे सांधा घर्षणावर चालतो, भार सतत बदलतो आणि माणूस वारंवार पोचू शकत नाही, तेथे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मोठ्या पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या एकेका फ्लॅंजला (दोन भाग जोडणाऱ्या कडीला) शंभराच्या घरात बोल्ट असतात आणि पावसाळ्यात वर चढणे सोपे नसते. रेल्वेच्या पोलादी पुलांवरही रिव्हेटांच्या जागी एचएसएफजी बोल्ट येत आहेत.

माणसाची तपासणी चुकू शकते, हे मान्य करूनच व्यवस्था आखावी. २३ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडमधील ग्रेरिग येथे जलद गाडी रूळबदलाच्या सांध्यावर घसरली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. हलणारे रूळ जोडणाऱ्या पट्टीचा बोल्टचा सांधा निकामी झाला होता, आणि थोड्याच दिवसांपूर्वी ठरलेली पाहणी राहून गेली होती. तेथे पीझो संवेदक नव्हते आणि असते तर काय झाले असते, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण दोन पाहण्यांच्या मधल्या काळात सांध्याकडे कोण पाहते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

साध्या शेडमध्ये जे बोल्ट फक्त भोकाच्या कडेवर भार घेतात आणि पान्ह्याने बेताचे आवळलेले असतात, त्यांना हा खर्च करू नये. तेथे शिडी, पान्हा आणि वर्षातून एक पाहणी पुरेशी आहे.

साहित्य भारतात मिळते का?

मिळते. पीझेडटी पट्ट्या पुण्यातील स्पार्कलर सिरॅमिक्समध्येही बनतात. प्रयोगशाळेतला इम्पीडन्स ॲनालायझर महाग असतो. पण एडी ५९३३ या एका चिपवर १०० किलोहर्ट्झपर्यंत काम करणारे छोटे उपकरण महाविद्यालयातही बांधता येते. पीझेडटीमध्ये शिसे असते, म्हणून तुटलेल्या पट्ट्या घासू नयेत आणि केरात टाकू नयेत.

संवेदकाने इशारा दिला. आता काय करावे?

लगेच पान्हा लावू नये. आधी पट्टीची धारकता पाहावी, तापमान पाहावे, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजावे. इशारा कायम राहिला, तर सांध्याचे छायाचित्र घ्यावे, नट आणि प्लेट यांच्यावरून जाणारी रेघ मारावी आणि मगच कॅलिब्रेट केलेल्या रेंचने गटातला प्रत्येक बोल्ट तपासून, नट किती फिरला ते बोल्टच्या क्रमांकासह लिहावे. सांधा सरकल्याच्या खुणा, म्हणजे रंग फाटणे किंवा प्लेटांच्या कडेने तांबूस भुकटी येणे, दिसल्या तर भार कमी करून संरचना अभियंत्याला बोलवावे. एकदा पूर्ण ताणून सैल झालेले जस्तलेपित किंवा १०.९ प्रतीचे बोल्ट पुन्हा न वापरता नट आणि वॉशरसह बदलावेत. नवे बोल्ट आवळून झाल्यावर जुनी मूळ नोंद रद्द करावी आणि त्याच दिवशी नवी घ्यावी.